प्रतिजैविकांचे गायरान

परीक्षा जवळ आल्या की वसतिगृहांच्या आसपासच्या औषधांच्या दुकानांतून एक देवघेव निमूटपणे चालते. एखादी विद्यार्थिनी दबक्या आवाजात लघवीच्या जळजळीची तक्रार सांगते. दुकानदार पट्टीतल्या चार-सहा गोळ्या कापून देतो. दोन दिवसांत आराम पडतो आणि उरलेल्या गोळ्या मैत्रिणीच्या कामी येतात. डॉक्टरांची फी वाचली, तपासणीचा खर्च वाचला, अभ्यासाचा दिवसही वाचला. व्यक्तीच्या जमाखर्चात हा व्यवहार किफायतशीरच ठरतो. समाजाच्या खतावणीत मात्र त्याची नोंद खर्चाच्याच बाजूला करावी लागेल.

मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बहुतांशी ‘ई. कोलाय’ या आतड्यात राहणाऱ्या जंतूमुळे होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा विकार अधिक जडतो. प्रतिजैविकाची गोळी घेतली की तिचा मारा आतड्यातील जंतूंवरही होतो. दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे तगतात, वाढतात आणि आपला गुण इतर जंतूंनाही देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी एकेकाळची हुकमी गोळी आज आपल्या देशात वारंवार निष्प्रभ ठरते, ती यामुळेच. मग संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला, तर रुग्णालय आणि महागडी इंजेक्शने यांवाचून गत्यंतर राहत नाही.

हा धोका नवा नाही. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले होते. तो घसा दुखतो म्हणून पेनिसिलीन विकत आणतो, अपुऱ्या मात्रेत घेतो. आणि त्याच्यापासून निर्ढावलेले जंतू लागून बळी जातो तो त्याच्या पत्नीचा. चूक एकाची, किंमत दुसऱ्याची! गावच्या गायरानाची कथा हीच असते. जादा जनावर सोडणाऱ्याचा लाभ त्याच्या एकट्याचा, गवत सरल्याचा तोटा मात्र साऱ्या गावाचा. २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू घडल्याचा अंदाज आहे.

नवे गवत उगवेल, या भरवशावरही राहता येत नाही. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावरील ‘प्लाझोमायसिन’ या औषधास अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये ते तयार करणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जे औषध राखून वापरायचे, त्याचा खप कमीच राहणार. मग त्यात भांडवल कोण गुंतवणार?

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवणे बंधनकारक आहे. त्याची कसोशीने अंमलबजावणी व्हावी, यात दुमत नाही. परंतु केवळ विद्यार्थिनीला अज्ञानी ठरवून भागणार नाही. महाविद्यालयातील स्वच्छतागृह अस्वच्छ किंवा कुलूपबंद असते, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायल्यावर हा विकार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पाण्याइतके स्वस्त औषध नाही. पण ते घेण्यासाठी स्वच्छतागृहाचे दार उघडे असावे लागते. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांच्या या साध्या गरजेकडेच लक्ष वेधले होते.

तेव्हा प्रत्येक महाविद्यालयात वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, संकोच न वाटता भेटता येईल अशी डॉक्टर आणि लघवीच्या तपासणीची अल्पखर्ची सोय, एवढी तरतूद अंदाजपत्रकात झालीच पाहिजे. हा खर्च वाचवणे म्हणजे काटकसर नव्हे. ती उधारी आहे, आणि तिची फेड पुढच्या पिढीच्या रुग्णांना करावी लागेल.