गंजू दे की!

लोखंडाला गंज लागला की आपण काय करतो? सँडपेपर, रंग, नाहीतर थेट भंगारवाला. पण अमेरिकेत एका ठिकाणी चक्क साडेचारशे टन लोखंडाचा कीस जमिनीत पुरलाय. कशासाठी? तर तो गंजावा म्हणून!

ठिकाण आहे नॉर्थ कॅरोलिनामधलं एलिझाबेथ सिटी. तिथल्या कोस्ट गार्डच्या तळावर क्रोम प्लेटिंगचं वर्कशॉप तीसेक वर्षं चालू होतं. १९८४ मध्ये ते बंद पडलं आणि १९८८ मध्ये कळलं, की फरशीखालच्या मातीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम मुरलंय. ‘एरिन ब्रॉकोविच’ बघितलाय ना? त्यातलं पाणी बिघडवणारं तेच हे. कॅन्सरकारक, वर पाण्यात सहज विरघळणारं, त्यामुळे पाणी जाईल तिकडे जाणारं. आणि इथे भूजल निघालं होतं पास्कोटँक नदीकडे, जी जेमतेम ६० मीटरवर! आपल्याकडच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम चालत नाही. तिथे काही ठिकाणी ते दहाच्या वर होतं. म्हणजे दोनशे पट.

नेहमीचा उपाय म्हणजे पंप लावा, पाणी उपसा, शुद्ध करा. वर्षानुवर्षं. वीजबिलाचं तर विचारूच नका.

त्याऐवजी जून १९९६ मध्ये पाण्याच्या वाटेत आडवा चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरला. ४६ मीटर लांब, सुमारे सात मीटर खोल आणि जाडी फक्त ६० सेंटिमीटर. याला ‘पर्मिएबल रिअ‍ॅक्टिव्ह बॅरियर’ म्हणतात. नाव बॅरियर, पण पाणी अडवत नाही हं! पाणी आपल्या गतीने आरपार जातं. जाताना लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणजेच गंजतं, आणि क्रोमियम ते उचलतं. सहाचं तीन होतं. हे ट्रायव्हॅलंट क्रोमियम बरंच कमी विषारी, शिवाय ते विरघळत नाही, लोखंडाबरोबर साका होऊन तिथेच बसतं. बारावीच्या केमिस्ट्रीतलं रेडॉक्स, एवढंच. पंप नाही, वीज नाही.

कल्पनेचा उगमही भारी आहे. ऐंशीच्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात एक विद्यार्थी भूजलाचे नमुने घ्यायच्या नळ्या तपासत होता. कुठली नळी नमुना बिघडवते, एवढाच प्रश्न होता. धातूच्या नळ्यांमध्ये क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट आपोआप कमी होताना दिसली. ‘प्रयोग चुकला’ म्हणून हे फाइलबंद झालं असतं, पण प्राध्यापक रॉबर्ट गिलहॅम त्याच्या मागेच लागले.

एलिझाबेथ सिटीतल्या भिंतीवर पुढे आठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. भिंत ओलांडून आलेल्या पाण्यात क्रोमियम मर्यादेच्या खालीच राहिलं. मात्र तिथल्याच ट्रायक्लोरोइथिलीन या सॉल्व्हंटच्या बाबतीत यश इतकं सरळ नव्हतं. त्याचा काही भाग भिंतीच्या खालून निसटला.

आणि एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते. क्रोमियम नाहीसं झालेलं नाही, ते तिथेच गाडलेलं आहे. कणांवर क्षारांचे थर चढून लोखंडाचा जोरही हळूहळू ओसरतो. शिवाय भिंत फक्त वाहत आलेलं पकडते, मूळ घाण उचलत नाही. कानपूरजवळच्या रनियात क्रोमियमच्या कचऱ्याचे ढीग वर्षानुवर्षं उघड्यावर पडून होते. तिथे नुसता कीस पुरून काय होणार? आधी ढीग हलवायला हवेत.