संगणकाचा मुकादम बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो नेहमीसारखाच सुरू झाला, आणि म्हणूनच पुष्कळांना वाटले की, ही बातमी आपल्यासाठी नव्हे. देखभाल थांबली याचा अर्थ असा की, चोराला आत शिरता येईल अशी नवी फट उद्या त्या प्रणालीत सापडली, तर ती बुजवून देण्यास कंपनी बांधलेली नाही. नाव नोंदविणाऱ्यांना आणखी एका वर्षाची सवलत मिळाली खरी. पण ती मुदतवाढ आहे, सुटका नव्हे. बरे, नवी 'विंडोज ११' घ्यावी म्हटले, तर २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक तिच्या अटींत बसत नाहीत. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पतसंस्था, शाळा, छापखाने आणि आमच्यासारख्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या यांतून असे जुने पण धडधाकट संगणक हवे तितके आहेत. ते भंगारात घालावयाचे, की त्यांवर दुसरी प्रणाली चढवावयाची?

प्रणाली म्हणजे काय, हे समजण्यास आपल्याला परदेशी दाखला नको. भूम, परंडा, कळंब, वाशी या बाजूंनी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीतला माणूस कारखान्याशी बोलत नाही. कोणी कोणत्या फडात तोडावयाचे, गाडी आधी कोणाची भरावयाची, हे मुकादम ठरवितो. संगणकातही पत्र लिहिण्याचा, हिशेब मांडण्याचा, चित्र दाखविण्याचा असे निरनिराळे कार्यक्रम असतात. त्यांपैकी एकही यंत्राशी थेट बोलत नाही. स्मरणातली किती जागा कोणाला द्यावयाची, छपाईयंत्र आधी कोणाला, कोणता कागद कोठे ठेवावयाचा, हे सारे प्रणाली ठरविते. विंडोज हा असा एक मुकादम. लिनक्स हा दुसरा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि जगभरच्या माणसांनी तो वाढविला. त्याची आतली रचना कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि बहुतेक रूपांत त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ज्यांना हे नाव परके वाटते, त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच गाभा आहे.

मग मुकादम बदलणे इतके अवघड का? टोळीला विचारा, ती सांगेल: उचलीमुळे. उचल अंगावर असते, आणि तिचा हिशेब त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात असतो. संगणकातली उचल म्हणजे आपलीच जुनी कागदपत्रे.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली. तिची राजभाषा उर्दू होती. पुढे कारभाराची भाषा बदलली. जुने दप्तर मात्र होते तसेच राहिले. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे धुंडाळावी लागली. कागद शाबूत होता. वाचणारा दुर्मिळ झाला होता.

संगणकावरील जुन्या मराठीचे नेमके हेच झाले आहे. पूर्वी मराठी टंकलेखनाची अशी एक युक्ती होती की, यंत्राच्या आत साठवावयाचे ते रोमन अक्षरांचेच क्रमांक, आणि पडद्यावर त्या जागी देवनागरीची चित्रे दाखवावयाची. ती चित्रे ज्या फाँटमध्ये असतात, तो फाँट असेपर्यंत सारे ठीक. तो नसला की, पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी. आमच्या कचेरीतल्या सन २००० च्या आसपासच्या सभासद-याद्या आणि तडजोडीचे मसुदे नव्या प्रणालीत उघडले, तेव्हा हीच खिचडी समोर आली. ही गंमत नव्हे. त्या यादीत एखाद्या कामगाराचे कामावर लागल्याचे साल असते. निवृत्त होताना ग्रॅच्युइटीच्या हिशेबात मालकाने चार वर्षे गाळली, तर त्याच्या बाजूने कधीकधी तेवढाच पुरावा उरतो.

यावरचा उतारा युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या 'क'चा २३२५. हा क्रमांक विंडोजवर, लिनक्सवर आणि फोनवर एकच. फाँट बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. लिनक्सवर सर्रास आढळणारे 'लोहित' हे देवनागरी फाँट मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅट कंपनीने ते सर्वांना खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. आम्हा लाल बावट्याच्या मंडळींना हे नाव आवडले, हे सांगून टाकतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करणाऱ्याला तर हातही बदलावा लागत नाही. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, ही मांडणी दोन्हीकडे तीच आहे.

कागद असे नेता येतात, माणसांचे काय? १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रे आणि संगणक कोठे, किती बसवावयाचे याचा करार केला. तेव्हा त्यांना यंत्राचे वैरी म्हणून हिणविले गेले. वस्तुतः त्यांचा प्रश्न रास्त होता: बदलाचा भार कोणी सोसावयाचा? केरळातील शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकात लिनक्स स्वीकारले, त्यात शिक्षक संघटनेचा वाटा होता आणि शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. उलट जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ साली निर्णय घेऊन सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळण्याचे ठरविले. कारणांविषयी तेथे वाद आहेत. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी त्यांत होत्या, याविषयी नाही. म्हणून माझा आग्रह असा की, नवी प्रणाली शिकण्याचे तास हे कामाचेच तास धरावेत. रविवारी घरून शिकून या, ही भाषा चालू देऊ नये.

काही गोष्टी जात नाहीत, हेही आधीच सांगावे. हिशेबाचे 'टॅली' लिनक्सवर सरळ चालत नाही. डिजिटल सहीची किल्ली आणि काही छपाईयंत्रे हटून बसतात. अशा कामापुरता एक संगणक नव्या विंडोजचा ठेवावा. त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांसाठी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहता येते. आतल्या जुन्या प्रणालीला तेव्हा हात लागत नाही. आठ दिवस असे वापरावे, सर्व कागदांची प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी, ती उघडते का हे पाहावे, आणि मगच जुनी प्रणाली पुसावी.

जुन्या फाँटमधले कागद युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. बहुतेक मजकूर ते बरोबर आणतात, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्याशी त्यांचे जमत नाही. दोन्ही अक्षराच्या पुढेमागे सरकतात, आणि ते नेमके आडनावांत. तेव्हा जुन्या यादीचा छापील कागद एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवावे. आमच्याकडे हे काम संध्याकाळी पाळीवरून सुटलेले दोघे सभासद करतात; एका बैठकीत चाळीस-पन्नास नावे होतात.