वाळूतली निळी किनार

सागरी गोगलगाई म्हटलं की प्रवाळावर पसरलेल्या, पाठीवर कल्ल्यांचा झुबका मिरवणाऱ्या न्यूडिब्रँकच आठवतात. पाण्याखाली कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांनी त्यांचं पुरेसं कौतुक केलं आहे. वाळूत राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं, कारण ही मंडळी निम्मा वेळ दिसतच नाहीत.

वाळूत राहणं सोपं नाही. धरून बसायला टणक काही नसतं, लाटांबरोबर पायाखालची जमीन सरकते आणि कल्ले उघडे टाकले तर त्यांत कण भरतात. लपायला भोकं-कपारी नाहीत. जमेची बाजू एकच, स्वतःच त्या वाळूत बुडी मारता येते. उष्ण समुद्रातल्या या गोगलगाईंची सगळी ठेवण या एका कामासाठी बेतलेली आहे, आणि तिचं मर्म रंगांत नसून डोक्यात आहे असं माझं मत.

चेलिडोन्यूरा व्हेरियन्स हिचंच पाहा. पश्चिम पॅसिफिकमध्ये प्रवाळांच्या मधल्या पांढऱ्या वाळूवर ती दिवसाढवळ्या हिंडते. दोन-तीन इंचांचं मखमली काळं अंग आणि कडेने विजेसारखी चमकणारी निळी रेघ. गोगलगाईच्या डोक्यावर आपण शिंगं शोधतो, ती हिला नाहीत. त्यांच्या जागी पुढे रुंद होत गेलेलं, सपाट, मांसल डोकं आहे. वाळूत शिरताना तेच फावड्यासारखं कामाला येतं. पायाच्या दोन्ही कडा वर वळून पाठीवर मिटतात. कल्ला मागच्या बाजूला, शरीराच्या आडोशाला दडवलेला असतो. अंगावर चिकट स्रावाचा थर असल्यामुळे कण चिकटून बसत नाहीत. कवच आहे, पण नावापुरतं: एक पातळ, छोटी चकती शरीराच्या मागच्या टोकाला आत राहून गेली आहे. मागे दोन शेपट्या असतात, त्यांतली डावी उजवीपेक्षा चांगलीच लांब.

डोळे आहेत, पण त्यांना उजेड-अंधाराच्या पलीकडे फारसं काही कळत नाही. खरी भिस्त तोंडाभोवतीच्या आखूड, राठ केसांवर. चालताना ती डोकं सतत डावी-उजवीकडे फिरवते आणि या केसांनी वाळू चाचपत भक्ष्याचा वास घेते. तिचं भक्ष्य म्हणजे काही मिलिमीटर लांबीचे चपटे कृमी. गोगलगाईंना साधारणपणे कानशीसारखी दातेरी जीभ असते. या घराण्यात ती नाहीशीच झाली आहे. त्याऐवजी घशाचा स्नायूंनी बनलेला फुगा झटकन बाहेर येतो आणि कृमी अख्खाच्या अख्खा आत ओढला जातो. गोगलगाय म्हणजे मंदपणा हा आपला समज, पण हिचा वेग पाहून तो जरा सैल करावा लागतो.

या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन 1903 साली सर चार्ल्स एलियट यांनी केलं. हे गृहस्थ त्या वेळी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे आयुक्त होते. पुढे हाँगकाँग विद्यापीठाचे कुलगुरू झाले, जपानमध्ये राजदूत झाले आणि 1921 मध्ये हिंदू व बौद्ध धर्मांवर तीन खंडांचा ग्रंथही त्यांच्या नावावर जमा झाला. सरकारी फायलींतून गोगलगाईंसाठी वेळ काढणारा असा अधिकारी आज कुठे सापडायचा!

याच कुळातल्या फिलिनॉप्सिस वाळूखालून फिरत आपल्याच लांबच्या नातलगांना, म्हणजे बुडबुड्यासारखं पातळ कवच असलेल्या गोगलगाईंना, गिळतात. कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे जरा थंड पाण्यातल्या नॅव्हानॅक्सची तऱ्हा तीच. भक्ष्याने मागे सोडलेला चिकट माग धरून ती त्याच्यापर्यंत पोचते. तिला कुणी डिवचलं तर ती स्वतःच्या मागात पिवळं रसायन सोडते. मागून येणारी नॅव्हानॅक्स तिथवर आली की तोंड फिरवते. ही रसायनं कोणती, हे 1977 मध्ये उलगडलं.

प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही, त्यामुळे संसाराचा हिशेबही वेगळा. शुक्रजंतू शरीराच्या उजव्या बाजूच्या उघड्या खोबणीतून मागून पुढे, डोक्यापाशी येतात. 2005 मध्ये अँथेस, पुट्झ आणि मिखिल्स या संशोधकांनी चेलिडोन्यूरा हिरुंडिनिना या जातीत काहींची ही खोबण बंद करून पाहिली. ज्यांच्याकडून परतफेड होईना, अशांना जोडीदार लवकर सोडून गेले. देवाणघेवाण रोखीची, उधारी बंद.

वाळूतले बाकीचे रहिवासी वेगळ्या घराण्यांतले आहेत. आर्मिनाच्या पाठीवर काळे-पांढरे उभे पट्टे असतात, कल्ले पाठीवर न ठेवता अंगाच्या झालरीखाली दडवलेले असतात. ती वाळूत रोवून राहणाऱ्या, पिसाच्या आकाराच्या सी पेनवर गुजराण करते. फिकट पांढरी फिलिन दिसायला अगदीच सामान्य, पण तिच्या कातडीतून गंधकाम्ल झरतं, आणि मासा तिला तोंडात घेतो न घेतो तोच थुंकून टाकतो. तिच्या पोटात तीन चुनखडी तबकड्या असतात, त्यांवर बारीक शिंपल्यांचा चुरा होतो. युसेलेनॉप्स रात्री निघते, तोंडापुढचा रुंद पडदा वाळूवर पसरून चालते आणि वेळ आली तर पोहतेही.

आपल्याकडे या प्राण्यांची मोजदाद उशिरा सुरू झाली. दीपक आपटे यांनी 2009 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लक्षद्वीपच्या सागरी गोगलगाईंची यादी दिली. तीत लक्षद्वीपसाठी 52 नव्या नोंदी होत्या आणि त्यांतल्या 40 भारतासाठीही नव्या. एका छोट्या द्वीपसमूहातून एवढं निघत असेल, तर कोकणच्या पुळणींकडे अजून किती बघायचं राहिलं असेल!

खाऱ्या पाण्याच्या शोभेच्या टाक्या ठेवणाऱ्यांना मात्र चेलिडोन्यूरा व्हेरियन्स केव्हाच ठाऊक झाली आहे. अशा टाकीत तांबूस चपटे कृमी माजले की ते प्रवाळावर थर धरतात आणि त्याचा उजेड अडवतात. औषध टाकून ते एकदम मारले तर मरताना विष सोडतात आणि मासेही जातात. त्यापेक्षा ही काळी-निळी गोगलगाय बरी, म्हणून ती समुद्रातून पकडून विकली जाते. काम ती चोख करते. पण ती दुसरं काही खात नाही, आणि कृमी संपले की काही आठवड्यांत त्याच स्वच्छ टाकीत उपासमारीने मरते. जाणते हौशी लोक म्हणून तिला विकत घेण्याऐवजी, ज्याच्या टाकीत कृमी आहेत त्याच्याकडून त्याच्याकडे फिरवत ठेवतात.