सिक्युरिटी क्लिअरन्स आणि परदेशातले नातेवाईक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकी सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्स. मोजके अपवाद सोडले तर ती अमेरिकी नागरिकांनाच मिळते. पात्रता ठरते ती जून २०१७पासून लागू असलेल्या १३ निकषांवर. त्यांतला ‘बी’ हा निकष परदेशी प्रभावाचा आहे. परदेशातल्या आप्तांच्या आडून अर्जदारावर दबाव येऊ शकेल का आणि त्याच्या मनात हितसंबंधांची ओढाताण होईल का, हे त्यात तपासले जाते.

गैरसमज: आईवडील परदेशात असले की अर्ज फेटाळला जातो.
वस्तुस्थिती: अशी सरसकट बंदी नाही. नाते किती जवळचे, देश कोणता आणि नातेवाईक काय करतो, या गोष्टी एकत्र तोलल्या जातात. साताऱ्यात राहणारे निवृत्त शिक्षक वडील आणि परदेशी सरकारच्या संरक्षण खात्यात अधिकारी असलेला भाऊ यांचे वजन सारखे नसते.

गैरसमज: मित्रदेशातल्या नातेवाइकांची चौकशी होत नाही.
वस्तुस्थिती: निकषात सुरक्षित किंवा धोकादायक देशांची यादीच नाही. तो देश अमेरिकेची गोपनीय माहिती मिळवण्याचा प्रयत्न करतो का, तिथे दहशतवादाचा धोका आहे का, हे पाहिले जाते. मित्रदेशही हेरगिरी करू शकतात.

गैरसमज: काही नावे गाळलेली बरी.
वस्तुस्थिती: ‘एसएफ-८६’ या अर्जात आईवडील, भावंडे, मुले, जोडीदार आणि सासूसासरे यांची माहिती द्यावीच लागते. मागच्या सात वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जिव्हाळ्याचा किंवा सततचा संबंध आला, त्यांचीही नोंद करावी लागते. जाणूनबुजून लपवाछपवी केली तर वैयक्तिक वर्तनाच्या ‘ई’ निकषाखाली अर्ज अडचणीत येतो. खोटी माहिती देणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. जे नाते उघड सांगून निभावले असते, ते लपवल्यामुळे घातक ठरते.

गैरसमज: घरच्यांशी संबंध तोडले की प्रश्न सुटतो.
वस्तुस्थिती: संबंध तोडण्याची अट नाही. जवळच्या नात्यातला संपर्क वरवरचा नसतो, हे गृहीतच धरले जाते. म्हणून अर्जदाराने अमेरिकेतली आपली मुळे दाखवायची असतात: किती वर्षे वास्तव्य, घर, मुलेबाळे, नोकरी, मालमत्ता. परदेशातली मालमत्ता त्या मानाने किती, हेही पाहिले जाते.

गैरसमज: भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व, आणि ते असले की क्लिअरन्स मिळत नाही.
वस्तुस्थिती: भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. केवळ दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असणे हेदेखील अपात्रतेचे कारण ठरत नाही.

गैरसमज: नकार म्हणजे देशनिष्ठेवर शिक्का.
वस्तुस्थिती: कंत्राटी कर्मचाऱ्यांबाबतच्या १९६०च्या अध्यक्षीय आदेशात नकार हा निष्ठेविषयीचा निर्णय नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांना आक्षेपांचे लेखी निवेदन मिळते, सुनावणी मागता येते आणि अपीलही करता येते. मात्र क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये ‘नौदल विरुद्ध इगन’ खटल्यात सांगितले. शंका उरलीच, तर निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने होतो. त्यामुळे शंकेचे निरसन करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते, आणि त्यासाठी पूर्ण व खरी माहिती देणे हाच खात्रीचा मार्ग आहे.