एका इलेक्ट्रॉनाचें अंतर

माझे आजोबा हिरडा व हिराकस यांची शाई घरींच करीत. लिहितांना अक्षरें फिकट दिसत. वाळल्यावर तींच काळींभोर होत. पुढें शाळेंत रसायनशास्त्र शिकवूं लागल्यावर मला कळलें कीं, या काळेपणाच्या मुळाशीं लोहाच्या परमाणूंतून निसटलेला एक इलेक्ट्रॉन आहे. आपल्या रक्ताचाहि त्याच्याशीं निकट संबंध आहे.

लोहाच्या परमाणूंत २६ इलेक्ट्रॉन असतात. आंतून बाहेर मोजीत गेल्यास चार कवचांत त्यांची वांटणी २, ८, १४ व २ अशी होते. लोहाचा क्षार बनतांना सर्वांत बाहेरचे दोन प्रथम जातात. असें दोन इलेक्ट्रॉन गमावलेलें लोह म्हणजे फेरस लोह. हिराकसांत तेंच असतें. आतां तिसऱ्या कवचाच्या ‘३डी’ नांवाच्या भागांत सहा इलेक्ट्रॉन उरतात. परंतु तेथें कक्षिका, म्हणजे इलेक्ट्रॉनांचीं बिऱ्हाडें, पांचच. पाउली यांनीं १९२५ सालीं मांडलेल्या नियमानुसार एका कक्षिकेंत फार तर दोन इलेक्ट्रॉन राहूं शकतात. ते परस्परांस दूर लोटतात, म्हणून पांच जण पांच बिऱ्हाडें धरतात व सहाव्यास दुसऱ्याच्या बिऱ्हाडांत शिरावें लागतें. ही दाटी सुटावी म्हणून एक इलेक्ट्रॉन तुलनेनें सहज जातो, व उरलेल्या पांचांची रचना अधिक स्थिर होते. हें फेरिक लोह. हवेंतील प्राणवायूनें हाच पालट घडविला, म्हणजे हिरड्याची शाई काळी पडते.

याला प्रमाण काय? शेजारचें मँगनीज पाहा. त्याचे इलेक्ट्रॉन २५. दोन गेल्यावर ३डी मध्यें नेमके पांच उरतात, दाटी नाहींच. तिसरा इलेक्ट्रॉन काढण्यास मँगनीजच्या दर मोलास ३२४८ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर लोहास २९५७. लोहाच्या केंद्रकाचा भार अधिक असूनहि ऊर्जा कमी लागते, ती या दाटीमुळें.

आतां रक्ताकडे वळूं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें तें फेरस लोहाच्या आधारें. लोह फेरिक झालें कीं त्यास प्राणवायु धरतां येत नाहीं. असें थोडें लोह रोज बिघडतेंच. रक्तपेशींतील विकरें तें पूर्ववत् करितात. पहिल्या कांहीं महिन्यांच्या अर्भकांत मात्र ही शक्ति कमी असते. खतें किंवा सांडपाणी मुरून विहिरींत नायट्रेट वाढलें, तर पोटांत त्याचें नायट्राइट होतें, आणि तें लोहाचा तो इलेक्ट्रॉन हिरावून घेतें. मूल निळसर पडतें. अमेरिकेंतील आयोवा येथील डॉक्टर कॉम्ली यांनीं १९४५ सालीं विहिरीच्या पाण्यामुळें असें झालेल्या बालकांची हकीकत प्रसिद्ध केली.

पाणी उकळल्यानें जंतु मरतात, नायट्रेट जात नाहीं. पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण उलट वाढतें. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असूं नये. म्हणून विहिरीच्या अगर कूपनलिकेच्या पाण्यांत तान्ह्याचें वरचें दूध कालविण्यापूर्वीं तें पाणी तपासून घ्यावें. आणि ओंठ-नखें निळीं दिसल्यास क्षणाचाहि विलंब न लावितां मुलास डॉक्टरांकडे न्यावें.