पोरगं मनाने आजारी असलं तरी घरात नियम लागतात. ते कसे लावायचे?

खापर (ता. अक्कलकुवा) : ताप आला, हात मोडला तर शेजाऱ्यालाही दिसतं. मनाचा आजार दिसत नाही. दहावी-अकरावीतलं पोरगं रात्रभर जागतं, कुणाशी बोलत नाही, मोबाईल मागितला की ताट फेकतं. मग घरात दोन मतं पडतात. वडील म्हणतात, "दोन ठेवून द्या, सरळ होईल." आई म्हणते, "आजारी आहे, मागेल ते द्या." दोघांचा जीव त्याच्यावरच आहे, पण दोन्ही वाटांनी नुकसान होतं.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या संशोधकाने 1950 च्या दशकापासून एक गोष्ट तपासली. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बरा होऊन घरी गेला, तर आजार पुन्हा कुणाचा उलटतो? ज्या घरात सतत टोमणे आणि राग, तिथे जास्त. आणि ज्या घरात काळजीपोटी रुग्णाला काहीच करू देत नाहीत, तिथेही जास्त. म्हणजे अति लाडही बाधतो.

मर्यादा घालायची ती वागण्यावर, भावनेवर नाही. राग आला तर येऊ द्या. आजीवर हात उचलायचा नाही. रडू आलं तर रडू द्या. घरातले पैसे न विचारता घ्यायचे नाहीत. पण उदास पोराला सकाळी उठवत नाही तो आळस नव्हे, आजार आहे. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर 'पाच तास अभ्यास कर' हा नियम फुकटचा. 'आंघोळ कर, एक वेळ सगळ्यांसोबत जेव' एवढाच नियम पुरे.

नियम भांडणात सांगू नका, पोरगं शांत असताना सांगा. जे आपण करणार नाही त्याची धमकीही देऊ नका. 'घराबाहेर काढीन' म्हणायचं आणि संध्याकाळी जेवायला हाक मारायची, यातून पोर एकच शिकतं, की यांचं बोलणं खरं नसतं. आणखी एक. नियम लावल्यावर पहिले काही दिवस आरडाओरड वाढू शकते. इथेच बरेच पालक हात टेकतात. एकदा माघार घेतली की पुढच्या वेळी ओरडा अजून मोठा होतो.

आजोबा, काका, मोठी बहीण, सगळ्यांचा नियम एकच हवा. आपल्याकडे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरगं आजीकडे किंवा आश्रमशाळेत राहतं. जाण्याआधी आजीला, अधीक्षकांना गोळ्या आणि घरचे नियम दोन्ही समजावून सांगा.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. 'मला जगायचं नाही' असं पोर बोललं तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, स्पष्ट विचारा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, गोळ्या मोठ्यांच्या हातात ठेवा. पोराला वाईट वाटलं तरी चालेल.

भगताकडे जाणारे जातात, त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. पण गोळ्या बंद करू नका. चटके, मारहाण हा उपचार नव्हे, आणि मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

पालकही थकतात. मूळचे धुळ्याचे, कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 2004 चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातला. रुग्णाच्या घरच्यांनी एकत्र बसून बोलावं, यावर या संस्थेचा भर. गावात असा गट नसला तरी रात्रीची जागरणं पाळीपाळीने वाटून घेता येतात, आणि धाकट्या भावंडालाही रोज थोडा वेळ देता येतो.

सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. पोरगं तयार नसेल तर पालकांनी स्वतःसाठी फोन करावा. नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि झोप, जेवण, राग यांची आठवडाभराची नोंद सोबत न्या.