दीड मिलिमीटरची मुभा

संगणकाचे कॅबिनेट म्हणजे मदरबोर्ड, एसएमपीएस आणि पंखे यांना सामावून घेणारी पत्र्याची एक पेटी, एवढीच ज्यांची समजूत असेल, त्यांनी ते एकदा अखंड पत्र्यापासून आणि तुळईतून कापलेल्या लाकडापासून आपल्या डोळ्यांदेखत घडताना पाहावे. म्हणजे त्या पेटीतील प्रत्येक कडेमागे, प्रत्येक छिद्रामागे आणि विशेषतः मुद्दाम ठेवलेल्या प्रत्येक फटीमागे केवढा विचार असतो, हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. मी असे एक कॅबिनेट साग आणि ॲल्युमिनियम यांचे करविले, आणि त्यातले जेवढे काम माझ्या हातांना साधण्याजोगे होते तेवढे स्वतः केले. या दोन द्रव्यांचे स्वभाव परस्परांहून इतके भिन्न आहेत की त्यांना एकत्र नांदविण्याची तजवीज हेच या कामाचे खरे कसब होय, असे माझे मत झाले आहे.

लाकूड आणि विद्युत्-यंत्रे यांचा संबंध नवा नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ आपल्या घरोघरी लाकडी पेट्यांतच विराजमान असत, आणि व्हॉल्व्हची उष्णता निघून जावी म्हणून त्यांच्या पाठीला छिद्रांची पातळ फळी लावलेली असे. १९७६ साली ॲपल कंपनीचा पहिला संगणक विक्रीस आला तेव्हा त्याला कॅबिनेटच नव्हते. जोडणी केलेला नुसता बोर्ड ग्राहकाच्या हाती पडे, आणि त्यांपैकी काही बोर्डांना पुढे लाकडी पेट्या लाभल्या. मध्यंतरीच्या काळात करड्या पत्र्याचे राज्य झाले. अलीकडे, २०२२ साली, फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडनमधील कंपनीने ‘नॉर्थ’ नावाचे कॅबिनेट काढले, त्याच्या दर्शनी भागावर अक्रोडाच्या किंवा ओकच्या उभ्या पट्ट्या आहेत; ते दिसावयास सुंदर आहे यात शंका नाही, परंतु तेथे लाकूड मुखावर आहे, देह सारा पोलादाचाच. मला लाकूड देहात हवे होते. दोन्ही बाजू सागाच्या भरीव फळ्यांच्या, पुढे सागाच्या पट्ट्या, आणि तळ, माथा, पाठ व आतील बोर्डाचे तबक ॲल्युमिनियमचे, असा नकाशा मुक्रर झाला.

साग नवा घ्यावा की जुना, हा पहिला प्रश्न. पुण्याच्या भवानी पेठेतील लाकडाच्या वखारींत बल्लारपूरच्या आणि आलापल्लीच्या सागाचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण पेठांतले वाडे पाडले जात असताना निघालेल्या तुळया आणि खांब हीदेखील या शहराची एक मोठी लाकूडसंपत्ती आहे, आणि मी तिच्यातलीच एक तुळई निवडली. जुन्या लाकडाचा रंग दाट असतो, ते पूर्ण वाळलेले असते, आणि रंधा फिरू लागताच त्यातून निघणारा तेलकट, किंचित कातड्यासारखा वास पहिल्या सालपटाबरोबर साऱ्या कारखान्यात भरून राहतो. मात्र रंधा लावण्याआधी माझ्या सुतार मिस्त्रींनी त्या तुळईवरून लोहचुंबक इंचाइंचाने फिरविले. आत गाडलेला एखादा खिळा राहिला तर करवतीचे पाते कायमचे बाद होते, आणि जुन्या तुळईत खिळे असतातच.

फळ्या तयार झाल्यावर त्या चौकटीत अगदी गच्च, केसाचीही फट न ठेवता बसवाव्यात असा माझा आग्रह होता. मिस्त्रींनी फळीवर हात ठेवून सांगितले, “साहेब, आत्ता उन्हाळ्यात गच्च बसवलंत तर आखाडात ही बाजू निघायची नाही. खिडक्यांची निम्मी कामं माझ्याकडं अशीच येतात.” आणि मग त्यांनी फळीच्या कडेवरील वर्षवलये मला दाखविली. ती जवळजवळ उभी होती, म्हणजे फळी खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कापलेली होती. वलये आडवी पडतील अशा रीतीने कापलेली फळी याच्या सुमारे दुपटीने फुगते.

त्यांच्या अनुभवाचा हिशेब मांडणे कठीण नाही. सागाची फळी लांबीच्या दिशेने ऋतुमानाप्रमाणे जवळपास बदलतच नाही. जो काही बदल होतो तो रुंदीत होतो. वैशाखातल्या कोरड्या हवेत लाकडात जो ओलावा असतो त्यात भर पावसाळ्यात वजनाच्या पाच टक्क्यांइतकी वाढ झाली, तर उभ्या वलयांची ३०० मिलिमीटर रुंदीची फळी सुमारे दीड मिलिमीटर रुंदावते. ॲल्युमिनियमला ओलाव्याचे सोयरसुतक नाही; ते उष्णतेने प्रसरण पावते, पण चारशे मिलिमीटरचा तुकडा वीस अंशांनी तापला तरी त्याची वाढ दोनदशांश मिलिमीटरपर्यंतही पोहोचत नाही. एक द्रव्य पावसाळ्याबरोबर हलणारे, दुसरे जवळजवळ अचल. दोघांना चारही कोपऱ्यांवर स्क्रूंनी जखडून टाकले तर फुगणारी फळी एकतर कमान टाकते, नाहीतर पुढल्या उन्हाळ्यात आक्रसताना उभी चिरते.

यावरचा उपाय सुतारकामात फार जुना आहे. फळी मध्यरेषेवर पक्की धरावयाची, आणि कडांना मात्र सरकण्याची मुभा ठेवावयाची. म्हणून ॲल्युमिनियमच्या चौकटीत मधली छिद्रे गोल ठेवली आणि कडांकडची लांबट केली. फळीत पितळी नट बसविले, आणि आतून येणारा चार मिलिमीटरचा स्क्रू त्या लांबट छिद्रातून वायसरासह नटात शिरेल अशी योजना केली. लांबट छिद्र पाडण्याचे काम दिसते त्याहून नाजूक आहे. आधी तीन मिलिमीटरची दोन छिद्रे शेजारीशेजारी पाडावयाची, मधली पातळ भिंत काढून टाकावयाची, आणि मग बारीक कानशीने दोन्ही बाजू सारख्या करीत स्क्रू सहज सरकेल पण डुलणार नाही इतकीच जागा करावयाची. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे त्याचा चुरा कानशीच्या दातांत दडून बसतो आणि मग तीच कानस पृष्ठभागावर ओरखडे काढू लागते. कानशीवर आधी पांढरा खडू घासून घेतला तर चुरा चिकटत नाही. ही खुबी मला ज्यांनी दाखविली त्या फॅब्रिकेशनच्या कारागिरांनी खडूचा तुकडा सदैव कानशीच्या मुठीजवळच ठेवलेला होता.

धातू कोणता घ्यावा, हेही त्यांनीच ठरविले. तबक आणि पाठ यांच्या कडा काटकोनात वाकवावयाच्या असल्यामुळे पत्रा ५०५२ जातीचा घेतला. ६०६१ हा टी-६ अवस्थेत अधिक बळकट असला तरी तीव्र वाकवला की बाहेरच्या कडेला चिरा दाखवितो. चौकटीचे अँगल ६०६३ चे, कारण साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्या बाजारात त्याच जातीच्या सहज मिळतात.

आता मापांविषयी, कारण येथे स्वैरतेला वाव नाही. माझा बोर्ड मिनी-आयटीएक्स नमुन्याचा, १७० मिलिमीटर चौरस. हा नमुना व्हीआयए कंपनीने २००१ साली प्रसृत केला, पण त्याच्या छिद्रांच्या जागा १९९५ साली इंटेलने आखलेल्या एटीएक्स नमुन्यातून वारशाने आलेल्या आहेत. चार छिद्रे चौरसाच्या चार कोपऱ्यांवर असतील असे समजून जो तबक आखील त्याची फसगत ठरलेली, कारण मागील कडेजवळचे एक छिद्र आपल्या जोडीदाराच्या ओळीपासून २२.८६ मिलिमीटर आत सरकलेले असते. ही विचित्र संख्या नऊदशांश इंचाची आहे. मागील जोडण्यांसाठी पाठीत कापावयाची चौकट १५८.७५ गुणिले ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा इंच लांब आणि पावणेदोन इंच उंच. बाहेरून मिलिमीटर आणि आतून इंच, अशी ही दुहेरी मोजणी एकदा उमगली की नकाशातील एकेक आकडा आपला खुलासा आपणच करू लागतो.

तबकात बोर्डाच्या पितळी खुंट्यांसाठी आटे पाडणे हे या साऱ्या कामातले माझे सर्वांत आवडते काम. तीन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी अडीच मिलिमीटरचे छिद्र, छिद्रात रॉकेलचा एक थेंब, आणि त्यात सरळ उभा धरलेला टॅप. अर्धा फेरा पुढे द्यावयाचा आणि पाव फेरा मागे घ्यावयाचा, म्हणजे कापलेला धातूचा तंतू आतच मोडतो आणि टॅप अडकत नाही. बोटांना तो तंतू तुटल्याचा सूक्ष्म ठोका स्पष्ट जाणवतो, आणि जाणवला नाही तर थांबणे इष्ट असते. पत्र्याची जाडी तीन मिलिमीटर आणि आट्यांतील अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणजे साऱ्या भाराला अवघे सहा आटे. त्यांतला एक जरी घसरला तर खुंटी डळमळते.

उष्णतेच्या बाबतीत लाकडाकडून कशाचीच अपेक्षा ठेवू नये. ॲल्युमिनियम सागापेक्षा हजारपटींहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. लाकडी बाजू तर आतली ऊब जपूनच ठेवतात. म्हणून सारा भरवसा हवेच्या प्रवाहावर ठेवला. १२० मिलिमीटरचे दोन पंखे पट्ट्यांच्या मागून हवा आत घेतात आणि एक माथ्यातून बाहेर टाकतो. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा अधिक असली की आतला दाब किंचित वाढतो आणि धुळीला फटींतून शिरण्यास वाट राहत नाही. ती येते ती जाळीतूनच, आणि जाळी धुता येते. पुण्यासारख्या सदोदित बांधकामे चालू असलेल्या शहरात ही व्यवस्था चैनीची नव्हे, निकडीची आहे. पंख्यांच्या छिद्रांतील अंतर १०५ मिलिमीटर. तेथे स्क्रूंऐवजी रबरी खुंट्या वापरल्या, कारण भरीव सागाची फळी पंख्याची थरथर उचलून मोठी करते.

पोलादी कॅबिनेटात जी गोष्ट आपोआप साधते ती येथे मुद्दाम करावी लागली, ती म्हणजे अर्थिंग. लाकूड वीज वाहत नाही, हे सर्वज्ञात. पण ॲनोडायझिंग केलेले ॲल्युमिनियमही पृष्ठभागावर वीज वाहत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गंधकाम्लाच्या कुंडात धातूवर जो ऑक्साइडचा कठीण थर चढतो तो उत्तम विद्युत्-रोधक असतो, आणि त्यामुळे बाहेरून एकसंध दिसणारी चौकट विद्युत्-दृष्ट्या सुट्या तुकड्यांची असू शकते. म्हणून खुंट्यांखालचा आणि जोडांखालचा थर खरवडून काढला, तेथे दातेरी वायसर घातले, आणि मल्टिमीटर घेऊन एसएमपीएसच्या अंगापासून प्रत्येक पत्र्यापर्यंत एकेक जोडाची रुजवात केली. आकडा शून्याला टेकेपर्यंत बोर्डाला हात लावला नाही. या टप्प्यावर जो घाई करतो तो सुंदर पण धोकादायक वस्तू घडवितो, आणि अशा वस्तूला मी कारागिरी म्हणणार नाही.

लाकडाला लाखेचे पॉलिश दिले, आणि मिस्त्रींच्या सांगण्याबरहुकूम ते फळीच्या आतल्या बाजूलाही तितकेच दिले. एकाच अंगाला पॉलिश असले तर उघडे अंग ओलावा अधिक वेगाने शोषते आणि फळी पन्हळीसारखी वळते. आतली बाजू कोणी पाहणार नाही म्हणून ती कोरी ठेवण्याची चाल पुष्कळ दुकानी फर्निचरात दिसते, ती मला मुळीच मान्य नाही.

यंदा वैशाखात फळी आणि चौकट यांच्यामधून लग्नपत्रिकेचा जाड कागद सहज सरकत होता. श्रावणात तोच कागद कडेपाशी अडला, पण बाजू मात्र हाताने ओढताच निघाली. बोर्ड तीन-चार वर्षांत जुना होईल. त्याच्या जागी नवा येईल तेव्हा छिद्रे तीच राहतील. बदलावी लागेल ती फक्त मागील जोडण्यांची पातळ पट्टी, आणि ती आतून दाबूनच बसते.